पिवळ्या दिव्यातली दुधी नळी

नवी मुंबईतल्या रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आले, तेव्हा ‘जुनाट दिवे गेले, बरं झालं’ असं बरेच जण म्हणाले. विजेच्या हिशेबात एलईडी सरस आहेतच. पण त्या दिव्यांना जुनाट म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या काचेच्या आत पेन्सिलीएवढ्या जाडीची एक दुधी नळी असते, अ‍ॅल्युमिना सिरॅमिकची.

अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. तो सुमारे २०५० अंश सेल्सिअसला वितळतो, मोह्स मापनश्रेणीत त्याचा कठीणपणा ९ (हिऱ्याचा १०), आणि वीज तो उत्तम अडवतो. नळीतली तापलेली सोडियमची वाफ काच आणि क्वार्ट्झ, दोन्ही खाते, अ‍ॅल्युमिना टिकतो. अडचण एवढीच, की भट्टीतून निघालेला नेहमीचा अ‍ॅल्युमिना पांढराफटक असतो, त्यातून उजेड जाणार कसा?

खरं तर त्याचा एकसंध स्फटिक पारदर्शकच असतो. माणिक आणि नीलम हे अ‍ॅल्युमिनाचेच स्फटिक. किंचित क्रोमियममुळे लाल, लोह-टायटेनियममुळे निळे. त्यांच्या अंगठीने साडेसाती टळत नाही. अडचणीतल्या माणसाला कर्ज काढून ती घ्यायला लावणं मला क्रूर वाटतं.

उजेड अडतो तो छिद्रांमुळे. पूड दाबून, न वितळवता भाजली की दाणे एकमेकांना चिकटतात आणि मध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात. प्रत्येक पोकळी प्रकाश विखुरते. पोकळी दोन दाण्यांच्या सीमेवर असेल, तर सीमेवरून अणू भराभर सरकत येऊन ती बुजवतात. पण भट्टीत दाणे वाढतही असतात. वाढीच्या भरात सीमा पुढे निघून गेली, की पोकळी दाण्याच्या पोटात अडकते; तिथे अणूंना स्फटिकाच्या जाळीतून वाट काढावी लागते, आणि ती चाल अतिशय मंद. १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी पुडीत अगदी थोडा मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, मिसळला. त्याने सीमांना लगाम बसतो, पोकळ्या सीमेवरच राहतात आणि बुजतात. नळी उजेड सोडू लागते. मला हा पदार्थविज्ञानातला सर्वांत देखणा शोध वाटतो.

स्पार्क प्लगचं पांढरं इन्सुलेटर, एका दांडीच्या नळातल्या पाणी अडवणाऱ्या चकत्या, कापड गिरण्यांतले धागा घासून न झिजणारे गाइड यांतही अ‍ॅल्युमिनाच असतो. तिथे उजेड आरपार जायची गरज नसते, म्हणून थोडी सिलिका वगैरे मिसळून तो कमी तापमानाला भाजतात आणि स्वस्त पडतो.