तिन्हीसांज किती मिनिटांची?

पुण्यात २१ मार्चच्या सुमारास सूर्य सायंकाळी पावणेसातला मावळतो, पण आकाश पूर्ण काळोखे व्हायला जवळजवळ आठ वाजतात. मधल्या सव्वा तासासाठी आपल्याकडे तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण अशी नावे आहेत आणि बोलताना ती एकमेकांच्या जागी सहज वापरली जातात. खगोलशास्त्र मात्र या संधिप्रकाशाचे तीन टप्पे पाडते आणि सूर्यबिंबाचा मध्य क्षितिजाखाली किती अंश गेला आहे यावरून त्यांच्या सीमा ठरवते.

सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंतचा पहिला टप्पा म्हणजे नागरी संधिप्रकाश. आकाश निरभ्र असेल, तर या वेळात अंगणातली कामे दिव्यावाचून उरकता येतात. ६ ते १२ अंशांच्या टप्प्याला नाविक संधिप्रकाश म्हणतात, कारण सेक्स्टंटने ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजून जहाजाचे स्थान काढणाऱ्या खलाशाला ठळक तारे आणि समुद्राची क्षितिजरेषा ही दोन्ही एकाच वेळी दिसावी लागतात, आणि ती संधी त्याला याच सुमारास मिळते. १२ ते १८ अंशांचा खगोलीय संधिप्रकाश शहरातल्या माणसाला रात्रच वाटतो. अंधुक तेजोमेघांच्या शोधात असलेला निरीक्षक मात्र तोही संपण्याची वाट पाहतो. पहाटे हाच क्रम उलटा चालतो.

सूर्य दिसेनासा झाल्यावरही उजेड राहतो, कारण जमिनीवर सावली पडली तरी वरच्या हवेवर ऊन पडतच असते आणि तिथून विखुरलेला प्रकाश खाली येतो. चंद्रावर वातावरण जवळजवळ नसल्याने तिथे असा संधिप्रकाश नाही. सूर्यास्तानंतर आपण सगळे पश्चिमेकडे पाहत राहतो, पण माझ्या मते पूर्वेचा देखावा अधिक नवलाचा असतो. एखाद्या गडाच्या माथ्यावरून पाहिले, तर पूर्व क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी झाक दिसते. तो निळा पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली असते. सूर्य जसजसा खाली जातो, तसतशी ती वर चढते आणि शेवटी रात्रीत मिसळून जाते. डोक्यावरच्या आकाशाची या वेळची गडद निळाई ही बरीचशी ओझोन वायूची करामत असते, कारण तिरप्या किरणांना त्या थरातून लांब पल्ला कापावा लागतो आणि ओझोन त्यांतला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो.

आता मिनिटांचा हिशेब पाहू. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणून सूर्य क्षितिजाला काटकोनात उतरला, तर १८ अंशांना ७२ मिनिटे, म्हणजे बरोबर ३ घटिका लागतील. विषुवदिनी विषुववृत्तावर तो जवळपास असाच उतरतो. (पंचांगातला सूर्यास्त बिंबाच्या वरच्या कडेचा धरला असेल, तर त्या क्षणी बिंबाचा मध्य अंशाच्या पाच-षष्ठांश भागाइतका आधीच खाली गेलेला असतो, त्यामुळे काही मिनिटे वजा होतात.) पुण्यासारख्या साडेअठरा अक्षांशांवरच्या ठिकाणी त्याची वाट थोडी तिरपी होते. तिथे मार्चमध्ये नागरी संधिप्रकाश सुमारे २२ मिनिटांचा आणि तिन्ही टप्पे मिळून सुमारे ७३ मिनिटांचे असतात. जूनच्या अखेरीस ही बेरीज ८३ मिनिटांवर, तर डिसेंबरात ७८ मिनिटांवर जाते. दिवस सर्वांत लहान असतो तेव्हा संधिप्रकाशही सर्वांत लहान असेल, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. तो सर्वांत आखूड असतो विषुवदिनांच्या आसपास.

उत्तरेकडे जावे तसा सूर्याचा उतार आडवा होत जातो. लंडनमध्ये मार्चात हाच संधिप्रकाश सुमारे ११४ मिनिटे टिकतो. जूनमध्ये तर तिथे मध्यरात्रीही सूर्य जेमतेम १५ अंश खाली गेलेला असतो. खगोलीय संधिप्रकाश संपण्याआधीच पहाटेचा सुरू होतो आणि शास्त्राच्या व्याख्येनुसार कित्येक आठवडे तिथे पुरती रात्र होतच नाही.