माती म्हणायचं की प्लास्टिक? पॉलिमर क्लेच्या चिमुकल्या प्राण्यांची पार्श्वभूमी

पोळ्याच्या आठवड्यात जळगाव, धुळे, अमळनेरच्या बाजारात मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या असतात. अलीकडे त्याच सुमाराला हस्तकला गटांच्या टेबलांवर दुसरेच बैल दिसू लागले आहेत. पाच सेंटिमीटर लांबीचे, पाठीवर नक्षीदार झूल, डोळ्यांच्या जागी काळा मणी. गिऱ्हाईक उचलून बघतं, उलटं करून बघतं आणि विचारतं, ‘हाई माटी शे का?’ याचं उत्तर काय द्यायचं, यावरून जळगावातल्या एका गटात दोन पोळे वाद चालला. त्यात आधी भरडला गेला तो शब्द. पदार्थाकडे लक्ष नंतर गेलं. खरं तर क्रम उलटा हवा होता.

पॉलिमर क्लेत माती नसते. पीव्हीसीची अतिशय बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य म्हणजे प्लास्टिसायझर, थोडी भर आणि रंग, एवढाच मसाला. जळगावकराला पीव्हीसी म्हटलं की शेतातला पाइप आठवतो. मूळ पदार्थ तोच. पाइपात प्लास्टिसायझर घालत नाहीत म्हणून तो ताठ. क्लेत भरपूर असतो म्हणून ती पोळीच्या कणकेसारखी मळता येते. तापवल्यावर पीव्हीसीचे कण हे द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून सलग होतात. पाणी उडून वाळण्याचा इथे संबंधच नाही. त्यामुळे गच्चीवर उन्हात मांडलेला हत्ती संध्याकाळीही कच्चाच असतो, फक्त त्यावर धूळ बसलेली असते.

जुना इतिहास थोडक्यात. तापीकाठच्या सावळदा गावावरून ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला नाव मिळालं आणि तिच्या भांड्यांवर मासे आणि इतर प्राणी रंगवलेले सापडतात. दायमाबादला १९७४ साली काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ मिळाला. त्या गावाच्या सर्वांत खालच्या थरातही हीच सावळदा संस्कृती आहे. छोट्या जनावरांची हौस या भागाला नवी नाही, एवढंच त्यातून घ्यावं; आजच्या टेबलाशी त्याची सरळ वंशावळ जोडू नये. हस्तकला प्रदर्शनांच्या पत्रकांत ती हमखास जोडलेली असते.

पॉलिमर क्लेचा जन्म जर्मनीत, बाहुल्या बनवणाऱ्या एका घराण्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर झाला. बाहुल्यांच्या डोक्यांसाठी पर्यायी पदार्थ शोधताना ती हाती लागली आणि पुढे घरातल्या मुलीने तिचा हौशी कलेसाठी वापर वाढवला. १९६४ मध्ये हक्क एका पेन्सिल कंपनीकडे गेले आणि १९६६ पासून ती ‘फिमो’ नावाने विकली जाऊ लागली. त्याच दशकात अमेरिकेत ट्रान्सफॉर्मरची उष्णता वाहून नेण्यासाठी केलेलं एक मिश्रण त्या कामाला निरुपयोगी ठरलं. त्यातून प्राणी घडवता येतात हे लक्षात आल्यावर त्याची ‘स्कल्पी’ झाली. म्हणजे एकीचं मूळ बाहुलीत आणि दुसरीचं वीजयंत्रात. मातीकामाशी दोघींचाही काही संबंध नव्हता.

आजच्या वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा त्यानंतरचा आहे. २००५ मध्ये युरोपीय महासंघाने खेळण्यांतल्या काही थॅलेट प्लास्टिसायझरांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. २००८ मध्ये अमेरिकेतही तसा कायदा आला. त्या सुमारास बऱ्याच उत्पादकांनी मिश्रण बदललं. गटात फिरणाऱ्या जुन्या छायाप्रतींमधल्या सूचना आणि हातातल्या वडीचं वागणं जुळत नाही, त्याचं हे एक कारण. तापमान आणि वेळ पाकिटावरची पाळायची. काही कंपन्या ११० अंश सेल्सियसला ३० मिनिटं सांगतात, तर काही १३० अंशाला, जाडीच्या दर ६ मिलिमीटरमागे १५ मिनिटं. दोन कंपन्यांची क्ले एकाच प्राण्यात मिसळली, तर कमी तापमानाच्या क्लेचा आकडा धरून वेळ वाढवायची.

एक शब्द, पाच पदार्थ

आता मुख्य गुंता. स्टेशनरीच्या दुकानात ‘क्ले द्या’ म्हटलं की किमान पाच वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. पहिली मुलांची रंगीत प्लॅस्टिसिन. ही १८९७ मध्ये इंग्लंडात निघाली. तेल-मेणाची, कधीच घट्ट न होणारी. दुसरी फुग्यासारखी हलकी फोम क्ले, हवेवर वाळणारी. तिसरी कोल्ड पोर्सिलेन: कॉर्नफ्लोअर आणि पांढरा गोंद सारख्या मापात शिजवून केलेली, वाळताना आकसणारी. चौथी दोन भाग एकत्र मळायची एपॉक्सी पुट्टी. नळाची गळती बुजवायला वापरतात तीच जात. आणि पाचवी पॉलिमर क्ले. पाकिटावर ठळक ‘क्ले’ असतं, बाकीचं भिंग लावून वाचायचं. काही पाकिटांवर ‘पॉलिमर’ हा शब्द फोम क्लेलाही लावलेला असतो. रसायनशास्त्राने ते खोटं नाही, उपयोगाने मात्र दिशाभूल आहे.

ओळखायची घरगुती रीत सोपी आहे. हरभऱ्याएवढी गोळी ओल्या बोटाने चोळावी. बुळबुळीत, चिकट झाली तर ती फोम क्ले किंवा कोल्ड पोर्सिलेन. तसं झालं नाही तर गोळी साध्या कागदावर दाबून रात्रभर ठेवावी. तेलकट डाग उमटला तर प्लॅस्टिसिन किंवा पॉलिमर. या दोघींत निवाडा ओव्हन करतो: जुन्या झाकणात ठेवून १५ मिनिटं तापवली की प्लॅस्टिसिन वितळून पसरते, पॉलिमर आकार धरते. ही चाचणी न करता आणलेल्या वड्यांचा अख्खा ट्रे भाजायला टाकला, तर ससे आणि कासवं मिळून एकच रंगीत चकती हाती येते.

मराठीत यावर ‘भाजणं’ या क्रियापदाने आणखी भर घातली. भाजणं म्हटलं की कुंभाराची भट्टी आठवते. मातीची खापर व्हायला तिथे ७०० अंशांच्या आसपास किंवा वर जावं लागतं. पॉलिमर क्ले १७५ अंशांच्या पुढे गेली की करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर सोडते. ‘कुंभाराच्या भट्टीत एका दमात दोनशे निघतील’ ही सूचना अशा गटांत कधी ना कधी येतेच. तिला तिथल्या तिथे नाही म्हणावं.

जळगावच्या गटातला वाद मात्र विक्रीच्या पाटीवर पेटला. एका बाजूचं म्हणणं असं की ‘मातीचे प्राणी’च लिहावं. लोकांना तेच कळतं, हाताची कृतीही तीच असते: मळणं, वळणं, चिमटणं. ‘पॉलिमर’ वाचून आजीबाई टेबलाला वळसा घालून निघून जातात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, इथे माती हा शब्द फक्त पदार्थ सांगत नाही, वस्तूचा शेवटही सांगतो. भुलाबाई मातीची, पोळ्याचा बैल मातीचा. पूजा झाली की कुठे विसर्जन, कुठे तुळशीच्या कुंडीत, कुठे पोरांच्या खेळण्यात, आणि फुटला तरी मातीला माती मिळते. पीव्हीसीचा बैल मेहरूण तलावात टाकला तर तो तळाशी तसाच पडून राहील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मूर्तिविसर्जन मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिस, थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकला मूर्तींसाठी मनाई झाली. त्यानंतर गिऱ्हाईकही ‘मातीचा’ हा शब्द मुद्दाम विचारून घेऊ लागलं. म्हणजे त्या शब्दावर आता भरवसाही टेकलेला होता.

दुसऱ्या पोळ्याला निर्णय झाला. पाटीवरून ‘माती’ काढायचं आणि ‘पॉलिमर क्ले, शोभेसाठी, विसर्जनासाठी नाही’ असं लिहायचं. कोल्ड पोर्सिलेनचे नमुने वेगळ्या टेबलावर. पूजेच्या मापाची बैलजोडी करायची नाही, ते काम कुंभारांचं. बैल केला तर फ्रिज मॅग्नेट किंवा किल्लीच्या साखळीला.

निर्णय योग्य होता, पण अर्धा. ‘क्ले’चा इंग्रजीत अर्थ मातीच. मराठी शब्द काढला आणि तीच गल्लत इंग्रजीत पाटीवर ठेवली. ज्याला इंग्रजी येतं त्याची फसगत आता जास्त होते. ‘पॉलिमर क्ले (प्लास्टिक)’ लिहिण्याची सूचना होती. विक्रीच्या भीतीने ती बाजूला पडली. त्या कंसाशिवाय पाटी पुरी होत नाही. बैलजोडी सोडण्याबद्दल मात्र शंकेला जागा नाही.

खान्देशचं ऊन आणि ओटीजी

बैल मागे पडल्यावर घोडा पुढे आला. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, त्यामुळे मारवाडी घोड्याचे आतल्या बाजूला वळून टोकाशी भिडणारे कान इथे लहान मुलालाही माहीत असतात. कान चुकला की घोडा गाढव होतो. अडचण अशी की ही टोकंच सर्वांत पातळ असतात आणि ओव्हनमध्ये सर्वांत आधी तपकिरी होतात.

साधारण सहा सेंटिमीटरच्या घोड्याला २५ ग्रॅमच्या आसपास क्ले लागते. आत ॲल्युमिनियम फॉइलचा गाभा घालतात, त्यामुळे क्ले वाचते आणि जाडी सगळीकडे सारखी राहते. फॉइल हातोडीने ठोकून घट्ट करावी. सैल राहिली तर आतली हवा तापून फुगते आणि पोटावर चीर जाते. पायांसाठी २० गेजच्या तारेचे दोन तुकडे इंग्रजी यू आकारात वाकवून गाभ्यात खोचायचे. तारेशिवाय उभे केलेले पाय भाजताना गुडघ्यात बसतात, कारण गरम असताना क्ले मऊच असते. याच कारणाने ओव्हनमधून काढल्या काढल्या दाबून बघू नये. पुरता गार झाल्यावरच पक्केपणा कळतो. पोटाखाली टिश्यू पेपरच्या घड्यांचा आधार द्यावा. १३० अंशांना कागद जळत नाही. रंगात आधी पांढरी मळायची, लाल आणि काळी शेवटी. लाल रंग बोटांच्या रेषांत बसतो आणि पुढच्या पांढऱ्या घोड्याला गुलाबी करतो. बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने जातात.

घरगुती ओटीजीच्या, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २० अंशांचाही फरक पडतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर हवाच. तळाला साधी सिरॅमिक टाइल ठेवली की चढउतार कमी होतो. १५-२० मिनिटं आधी तापवून घ्यावं आणि प्राण्यावर फॉइलचा सैल तंबू करावा, म्हणजे वरच्या दांडीची धग कानांवर पडत नाही. मायक्रोवेव्हच्या लहरींवर हे भाजत नाहीत. मध्येच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, आल्यावर पुन्हा तापवून वेळ पुरी करावी. पॉलिमर क्ले दोनतीनदा भाजली तरी बिघडत नाही. बिघडते ती कमी भाजल्याने. पाय कट्‌कन मोडला की बहुतेक जण जास्त भाजलं असं समजून पुढच्या खेपेला वेळ आणखी कमी करतात आणि पुढचाही मोडतो. दोन मिलिमीटर जाडीची पट्टी सोबत भाजावी. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे. तुकडा पडला तर कच्ची आहे.

ओव्हनच्या आधी ऊन नडतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत त्याहून बराच वर. तेवढ्या उष्णतेत काही दिवस पडून राहिलेली वडी आतल्या आत अर्धवट शिजते आणि मळताना भुगा होते. कुरिअरने मागवायची क्ले होळीच्या आधी मागवावी, असा रिवाज म्हणूनच पडला. उघडलेली वडी पॉलिथिनच्या पिशवीत किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात ठेवून फ्रिजमध्ये चालते. कडक पारदर्शक पॉलिस्टायरिनच्या डब्यात ठेवली तर प्लास्टिसायझर डब्यालाच चाटतो आणि क्ले त्याला चिकटून बसते. नेलपॉलिशने चकाकी देण्याची सवय याच जातीची चूक आहे. पहिला आठवडा घोडा काचेसारखा दिसतो, नंतर हळूहळू चिकट होतो आणि प्रदर्शनाची सगळी धूळ अंगावर घेतो. पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक व्हार्निश लावावं.

विक्रीच्या बाजूने शेवटचा बदल सरकारी आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला सूट मिळाली. हौशी गटांतल्या बहुतेकांकडे ही नोंद नसते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘खेळणं नाही, शोभेची वस्तू’ असं छापतात. पण किल्लीच्या साखळीला लटकलेला, दोन मिलिमीटरच्या मण्याचे डोळे असलेला बैल घरी गेला की रांगतं पोर तो आधी तोंडात घालतं. साखळीवरच्या प्राण्यांना मण्याऐवजी क्लेचेच डोळे बसवावेत, ही सूचना गटात आली आहे. काळ्या क्लेची मोहरीएवढी गोळी आधी दहा मिनिटं वेगळी भाजून घ्यायची, मग डोक्यात दाबायची, म्हणजे ती चपटी होत नाही.