हेलिकॉप्टर आलं म्हणजे सगळे जखमी उचलून नेणार? नाही हो

मोठा अपघात झाला की मेसेज फिरायला लागतात, एअर अॅम्ब्युलन्स पाठवा, सगळ्यांना पटकन उचला. हा समज किती वर्षं चालूय कोण जाणे. अहो, त्या हेलिकॉप्टरमध्ये साधारण एक, फार तर दोन स्ट्रेचर बसतात! चाळीस जखमी असतील तर फेऱ्या मारत बसणार का?

खरा फायदा उलट्या दिशेने असतो, म्हणजे पेशंट नेण्यापेक्षा डॉक्टर आणण्यात. 2005 च्या 7 जुलैला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा तिथल्या हेलिकॉप्टरने मुख्यतः मेडिकल टीम आणि सामान घटनास्थळी पोचवलं, रस्ते जाम असताना. मग तीच टीम जागेवरच भूल देऊन श्वासनळीत नळी घालते, छातीत अडकलेली हवा काढते, आणि कोणाला आधी हलवायचं तेही ठरवते.

बरं, उतरायला मोकळी जागा लागते, वायरी नकोत, पंख्याच्या वाऱ्याने पत्रे, ताडपत्र्या उडतात, धुकं असेल तर विषयच संपला. आत इतकी दाटी की कोणाचं हृदय बंद पडलं तर छाती दाबणं अवघड, म्हणून कधीकधी तोच डॉक्टर पेशंटसोबत रस्त्याने जातो, हेलिकॉप्टर मागे रिकामं.

पेशंट हवेतून नेतात, नाही असं नाही. जवळचं हॉस्पिटल भरून गेलं किंवा भाजलेल्यांसाठी, डोक्याच्या मारासाठी लांबचं स्पेशल सेंटर गाठायचं असेल तर हेलिकॉप्टर भारीच. बाकीचे जखमी मात्र साध्या अॅम्ब्युलन्सनेच जातात.