३० मुलांमागे १ शिक्षक, म्हणजे वर्गात ३० च मुलं?

दर जूनमध्ये पालकांकडून हेच ऐकू येतं: ‘कायद्यानं एका वर्गात ३० च्या वर मुलं बसवताच येत नाहीत.’ हा समज चुकीचा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं प्रमाण वर्गाचं नाही, शाळेचं आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४. आता हिशेब करून बघा. पटावर १२० मुलं, प्रत्येक इयत्तेत २४. शिक्षक ४, प्रमाण अगदी नेमकं ३०. पण इयत्ता तर पाच! म्हणजे एका बाईंकडे दोन इयत्ता, ४८ मुलं, तीही एकाच वेळी. कागदावर सगळं नियमात, आणि पहिलीचं पोर मात्र वाचायला शिकायच्या वयात तासभर नुसतं पाटी गिरवत बसतं. मला हे फार लागतं.

सहावी ते आठवीला दर इयत्तेला किमान एक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक, असं प्रमाण आहे.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नुसतं प्रमाण विचारू नका. इयत्तावार पट, प्रत्यक्ष हजर असलेले शिक्षक आणि वापरात असलेल्या खोल्या, तिन्ही आकडे मागा. शिक्षकागणिक एक खोली हवी, हेही त्याच कायद्यात आहे.