पोट टेकवून चालणारा गेको

लेपर्ड गेको, म्हणजे हौसेने पाळली जाणारी एक ठिपकेदार पाल, धडधाकट असेल तर चालताना पोट जमिनीला लागू देत नाही. चारही पायांवर अंग उचलून, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखा चालतो. भिंतीवरच्या पालीचे चिकट तळवे त्याला नसतात. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला हा जमिनीवरचा प्राणी, त्याचा सगळा कारभार पायांच्या जोरावर चालतो. म्हणून हाडं कमकुवत होऊ लागली की त्याची बातमी बऱ्याचदा आधी चालीतून मिळते. पाळणारे मात्र बघतात शेपटी आणि भूक. शेपटी जाड आहे, किडे खातोय, म्हणजे सगळं ठीक! शेपटीत चरबी साठते, कॅल्शियम नव्हे. गुबगुबीत शेपटीच्या गेकोची हाडंही आतून पोखरलेली असू शकतात.

या आजाराला पशुवैद्य मेटाबॉलिक बोन डिसीज किंवा नुसतं एमबीडी म्हणतात. खरं तर ही आजारांची एक जमात आहे, पण पाळीव गेकोत दिसतो तो बहुतेकदा आहारातून आलेला प्रकार, लहान मुलांमधल्या मुडदुसाचा जवळचा नातेवाईक. स्नायू आकुंचन पावायला, नसांमधून संदेश जायला, हृदय चालायला रक्तात कॅल्शियम ठरावीक पातळीत लागतंच. अन्नातून ते आलं नाही की मानेजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी जादा संप्रेरक सोडतात आणि हाडांमधलं कॅल्शियम रक्तात ओढून घेतलं जातं. महिन्याचा पगार पुरेना म्हणून ठेव मोडून घर चालवावं, तसा हा प्रकार. रक्ताचा हिशेब जुळत राहतो, त्यामुळे सुरुवातीच्या काळात रक्ततपासणीतही कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं. एक्स-रेसुद्धा उशिरा बोलतो. हाडातली सुमारे ३० ते ५० टक्के खनिजं गेल्यावरच फरक नीट उमटतो.

ही तूट येते कुठून? किड्यांमधून. किड्यांना हाडं नसतात. त्यांचं कवच कायटिनचं असतं आणि त्यात कॅल्शियम जेमतेम. गेकोच्या आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम हवं, तर रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या यांच्यात गणित नेमकं उलटं, फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या हा ठळक अपवाद. शिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं, तेही डी-३ रूपातलं. ते अन्नावर भुरभुरलेल्या पावडरीतून मिळतं किंवा साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होतं. हा संधिप्रकाशात फिरणारा प्राणी, त्याला यूव्हीबी लागत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण रोज थोडा वेळ यूव्हीबी मिळालेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची पातळी वाढलेली आढळली आहे. त्यामुळे मंद यूव्हीबी दिवा आणि लपायला भरपूर जागा हीच जोडी मला शहाणपणाची वाटते. गेकोची काचेची टाकी खिडकीत ठेवून मात्र काही साधत नाही. काच हे किरण जवळपास सगळे अडवते, वर टाकी तापण्याचा धोका. आणि ऊब कमी असेल तर पचनच मंदावतं, मग पावडर कितीही घाला. उबदार कोपऱ्यातला पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस असावा.

लक्षणं बघायची तर वरून बघू नका. डोळे टाकीच्या तळाच्या पातळीवर आणा आणि गेकोला चालू द्या. कोपर बाहेर फेकले जातायत का? पोट घासतंय का? पुढचे पाय मनगटाशी दुमडून, बोटांऐवजी मनगटावर भार येतोय का? पाय जाड दिसले तर खूश होऊ नका. हाडातली खनिजं गेली की तिथे तंतुमय ऊती भरतात आणि पाय सुजल्यासारखे, अगदी बाळसेदार दिसतात.

मग तोंड. किडा समोर असतो, गेको झेप घेतो, पण पकड सुटते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा सुटते. मालकाला वाटतं, भूक मेली. बऱ्याचदा भूक असते, जबडाच मऊ पडलेला असतो. खालचा जबडा आखूड किंवा वाकडा दिसतो, तोंड पूर्ण मिटत नाही. जबडा दाबून खात्री करण्याचा मोह टाळा, तो मोडू शकतो.

बोटांची थरथर, पायांना बारीक झटके, हातात घेतल्यावर वाढणारं कापरं, ही पुढची पायरी. इथे रक्तातलं कॅल्शियमही घसरलेलं असतं आणि नसा आपोआपच संदेश सोडू लागतात. पाठीला किंवा शेपटीला बाक, छोट्याशा उडीने मोडलेला पाय, शी न होणं, माती-वाळू चाटत-खात राहणं, मादीची अंडी अडकणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नये. सर्वांत जास्त धोका वाढत्या पिल्लांना आणि अंडी घालणाऱ्या माद्यांना, कारण दोघांचाही कॅल्शियमचा खर्च मोठा.

उगाच घाबरण्यासारख्या गोष्टीही आहेत. शिकारीवर झेपावण्याआधी शेपटीचं टोक थरथरतं, ते स्वभावातलं आहे. काखेतले मऊ फुगे बहुतेकदा जादा खाण्याचे. एनिग्मा नावाच्या, पैदाशीतून आलेल्या रंगप्रकाराच्या लेपर्ड गेकोत मान वाकडी होणं, गोल गोल फिरणं दिसतं, तो जन्मजात मज्जासंस्थेचा दोष आहे, कॅल्शियमने जात नाही. मात्र हे आणि एमबीडी एकाच प्राण्यात असू शकतात, म्हणून निदान सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावं.

दवाखान्यात न्यायचं ते बसक्या डब्यात, खाली मऊ कागद घालून आणि शक्य तितकं कमी हाताळून. टाकीचा, दिव्याचा आणि पावडरीच्या डब्याचा फोटो सोबत न्या, डॉक्टरांचे अर्धे प्रश्न त्यातच सुटतात. घरच्या घरी डी-३ चा मारा करू नये. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अति झालं तर मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसतं. वेळेत उपचार झाले तर हाडं काही आठवड्यांत ते महिन्यांत पुन्हा भरीव होतात. वाकलेला कणा किंवा जबडा मात्र सहसा सरळ होत नाही, पण तसे गेको पुढे वर्षानुवर्षं जगू शकतात.

पावडर लावण्यातही एक गंमत आहे. रातकिडे स्वतःला साफ करतात. पावडर लावून टाकीत सोडलेला रातकिडा संध्याकाळपर्यंत मोकळा फिरला, तर गेकोच्या पोटात जातो तो जवळपास कोराच. म्हणून गेको जागा आणि भुकेला असतानाच, खाईल तेवढेच किडे द्यावेत. त्याआधी एक-दोन दिवस त्या किड्यांनाही कॅल्शियमयुक्त खाद्य घालावं, आणि बिनफॉस्फरसची साधी कॅल्शियम पावडर एका उथळ झाकणात टाकीत ठेवून द्यावी.