साखरेचे तेल: पिकत्या बीमधील रूपांतराचा मागोवा

शेंगेत नुकताच भरू लागलेला मोहरीचा कोवळा दाणा कागदावर चिरडला, तर पाणचट हिरवा डाग पडतो आणि थोड्या वेळाने वाळून जातो. काही आठवड्यांनी त्याच झाडावरचा दाणा चिरडला, की कागदावर पारदर्शक, तेलकट ठिपका उमटतो आणि तो वाळत नाही. या मधल्या काळात झाड बीकडे तेल पाठवत नसते. पानांकडून येते ते मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर. तेल बी स्वतः घडवते.

तेल म्हणजे ग्लिसरॉल हा छोटा रेणू आणि मेदाम्ले, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांची आम्ले, यांचे संयुग, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रूल यांनी प्राण्यांच्या चरबीवरील संशोधनातून १८२३ पर्यंत स्पष्ट केले होते. पुढे पिकत्या बियांच्या रासायनिक तपासणीत तेल वाढत जाते तशी साखर आणि स्टार्च घटतात, हे दिसले. साखरेच्या मानाने तेलात ऑक्सिजन फारच कमी असल्यामुळे, या बिया आत घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, हाही महत्त्वाचा धागा होता. मात्र साखरेचा रेणू मोडून मेदाम्लाची लांब साखळी कशी जुळते, हे कोणाला सांगता येत नव्हते.

उत्तर समस्थानिकांनी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या, माग काढता येणाऱ्या अणूंनी दिले. डेव्हिड रिटेनबर्ग आणि कोनराड ब्लॉख यांनी १९४०च्या दशकाच्या मध्यास, असे अणू घालून खूण केलेले अ‍ॅसिटेट (दोन कार्बनचा छोटा रेणू) प्राण्यांच्या शरीरात मेदाम्लांत जाते, हे दाखवले. साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी वाढते, या जुन्या तर्काला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १९५३ मध्ये न्यूकम आणि पॉल स्टम्फ यांनी शेंगदाण्याच्या बीजपत्रांच्या पातळ चकत्या किरणोत्सारी अ‍ॅसिटेटमध्ये ठेवल्या, तेव्हा त्यांतही लांब साखळीची मेदाम्ले तयार झाली. वनस्पतींच्या बाबतीत खरी सुरुवात या प्रयोगापासून झाली, असे मला वाटते.

त्यानंतर प्रश्न उरला जागेचा. प्राण्यांच्या पेशीत मेदाम्ले प्रामुख्याने पेशीद्रवात बनतात; वनस्पतींत मात्र ती प्लास्टिडमध्ये, म्हणजे हरितलवकात किंवा त्याच्या रंगहीन भावंडात बनतात, हे १९७०च्या दशकात एरंडाच्या बिया आणि पालकाची पाने यांवरील कामातून पक्के झाले. तयार मेदाम्ले तेथून बाहेर पडतात, अंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) ग्लिसरॉलच्या कण्याला जोडली जातात आणि सूक्ष्म तेलथेंबांच्या रूपात साठतात.

या सगळ्या कारभाराला हुकूम कोण देते, याचा अतिशय बोलका पुरावा अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीने दिला. १९९८ मध्ये फॉक्स आणि बेनिंग यांनी वर्णन केलेल्या एका उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) वाणाच्या बिया सुरकुतलेल्या होत्या आणि त्यांत तेल सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. साखर बीपर्यंत पोहोचत होती, पण तिचे विघटन करणारी विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) मंदावल्यामुळे ती तेलाकडे वळत नव्हती. दोष होता तो इतर जनुके चालू करणाऱ्या एका जनुकात, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले.

हिशेबातील एक अडचण अजून बाकी होती. दोन कार्बनचा प्रत्येक तुकडा साखर मोडून मिळणाऱ्या तीन कार्बनच्या पायरुव्हेटपासून बनतो आणि उरलेला एक कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो. म्हणजे अठरा कार्बनच्या एका मेदाम्लामागे नऊ कार्बन वाया जातात. २००४ मध्येच श्वेंडर, ओलरॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रेप या मोहरीच्या कुळातील तेलबियांच्या हिरव्या भ्रूणात रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर कॅल्विन चक्र (प्रकाशसंश्लेषणात साखर बनवणारी क्रियांची साखळी) पूर्ण न फिरवताच हा निसटता वायू पुन्हा पकडते. त्यामुळे त्याच साखरेतून दोन कार्बनचे सुमारे २० टक्के अधिक तुकडे मिळतात आणि कार्बनची गळती सुमारे ४० टक्क्यांनी घटते. एरंडाच्या भ्रूणपोषाला, म्हणजे भ्रूणासाठी अन्न साठवणाऱ्या ऊतीला, रंगहीन असल्यामुळे हिरव्या भ्रूणासारखी प्रकाशाची मदत नसते. त्यातून वेगळी काढलेली प्लास्टिडे मेदाम्ले बनवताना मॅलेट हे चार कार्बनचे संयुग उत्तम रीतीने वापरतात आणि त्यासाठी लागणारी क्षपणशक्तीही (इलेक्ट्रॉन पुरवण्याची क्षमता) त्यांना त्याच मॅलेटपासून मिळते.