जुन्या गाडीचे टायर: बाजूवरच्या आकड्यांमागचा इतिहास

जुन्या गाडीला नवे टायर घालायचे ठरलं की पहिलं कोडं पडतं ते टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांचं. कुठे ३०×३½ असतं, कुठे ४.५०-२१, कुठे १६५-४००, तर कुठे १८५आर१५. चारही मापंच आहेत, पण प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी आणि काळही वेगळा. दुकानात जाऊन ‘याच्या जवळपासचं काय बसेल?’ असं विचारण्याआधी ती गाडी बनली तेव्हा टायर कसे बनत होते हे बघायला हवं. गाडीचं सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि गिअरचं गणित त्या काळच्या टायरवरच बेतलेलं असतं.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट स्कॉटिश संशोधक रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचं, १८४५ सालचं. ते विस्मरणात गेलं आणि १८८८मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने मांडली. मोटारीला असे टायर चालतात हे दाखवायला आंद्रे आणि एदुआर या मिशलिन बंधूंनी १८९५च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत आपली गाडी उतरवली.

त्या सुरुवातीच्या टायरांच्या कडेत पोलादी तार नव्हती. कडेला रबराचा जाड ओठ असे, तो रिमच्या वळलेल्या काठात अडकायचा आणि आतल्या हवेच्या दाबामुळे तिथे टिकून राहायचा. म्हणून हा दाब भरपूर, साधारण ५५ ते ६० पीएसआय लागे. दाब उतरला की टायर रिमवर सरकायचा आणि ट्यूबचा वॉल्व उपटून निघायचा. आज या जातीचे नवे टायर मिळतात, पण जुन्या रिमवर टिकून राहण्याची त्यांची रीत तीच आहे. रस्ता मऊ लागावा म्हणून हवा कमी ठेवायची आधुनिक सवय इथे घातक ठरते.

फोर्ड मॉडेल टी हे याच काळातलं उदाहरण. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे ३०×३ आणि मागे ३०×३½ टायर असत. पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही इंचांत. रिमचा व्यास कुठेच लिहिलेला नाही, तो आपणच काढायचा. ३०मधून दोन्ही बाजूंचे तीन-तीन इंच गेले की पुढचं रिम २४ इंचांचं, आणि साडेतीन-साडेतीन गेले की मागचं २३ इंचांचं. बाहेरून चारही चाकं सारख्या उंचीची, पण पुढचा टायर मागे चढत नाही. १९१९पासून सुटी होणारी रिम मिळू लागली, तेव्हा चारही चाकांना ३०×३½ आले. त्यामुळे ‘मॉडेल टीचे टायर द्या’ एवढं सांगून भागत नाही. गाडी कुठल्या सालची आणि तिची चाकं मूळचीच आहेत का, हे आधी ठरवावं लागतं.

रंगाचाही विचार करायला हवा. सुरुवातीचे टायर झिंक ऑक्साइडमुळे पांढरट किंवा करडे दिसत. रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की ते कितीतरी जास्त टिकतं हे कळल्यावर १९१०नंतर काळे टायर रूढ झाले.

पुढचा मोठा बदल १९२३च्या सुमारास बलून टायरने आणला. टायर रुंद झाला, आतला दाब निम्म्यावर आला, आणि पुढे माप लिहिण्याची पद्धतही पालटली: आधी रुंदी, मग रिमचा व्यास. १९२८-२९च्या फोर्ड मॉडेल एचं माप ४.५०-२१ आणि १९३०-३१च्या गाडीचं ४.७५-१९. इथे उंचीचा आकडा नाही, कारण त्या काळी टायरची उंची (रिमच्या काठापासून टायरच्या बाहेरच्या काठापर्यंतची) त्याच्या रुंदीइतकीच धरत. २१मध्ये साडेचार दोनदा मिळवा, ३० इंच येतात. ही एक बेरीज करता आली तरी निम्म्या चुका टळतात.

मग आला रेडियल. मिशलिनने त्याचं पेटंट १९४६मध्ये घेतलं आणि १९४९मध्ये तो बाजारात आणला. आधीच्या क्रॉसप्लाय टायरमध्ये (बोलताना आपण ज्याला सरसकट नायलॉन टायर म्हणतो) दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात, म्हणून बाजू आणि तळ एकत्रच वाकतात. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात आणि तळाखाली वेगळा पट्टा असतो. बाजू लवचीक राहते, पण तळ रस्त्यावर सपाट टेकतो. पकड वाढते, झीज कमी होते. १९३०च्या गाडीत मात्र याच पकडीमुळे सस्पेन्शनवर आणि रिमवर कधी गृहीत न धरलेला ताण येतो, आणि अगदी हळू वेगात वळवताना स्टीअरिंग जड होतं. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हा तर सरळ धोका आहे. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची वळणावर सुटतात. ब्रिटनमध्ये अशी जोडी कायद्यानेच निषिद्ध आहे.

माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाडीला क्रॉसप्लायच घालावेत. साठच्या दशकातल्या गाड्यांचं वेगळं. जॅग्वार ई-टाइप सुरुवातीला ६.४०-१५ क्रॉसप्लायवर आली आणि नंतर तिला १८५ रुंदीचे रेडियल लागू लागले. अशा गाडीला रेडियल शोभतो, पण त्या काळच्या मापाचा. जुन्या १६५आर१५मध्ये (१६५ मिमी रुंदी, आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिम) उंचीचा आकडा नसला तरी ती रुंदीच्या साधारण ८० टक्के असते, म्हणजे पूर्ण टायर ६४५ मिमी. त्याऐवजी १६५/६५आर१५, म्हणजे रुंदीच्या ६५ टक्केच उंचीचा, घातला तर टायर ५० मिमीने बुटका होतो. इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी आठ टक्के जास्त फिरावं लागतं, स्पीडोमीटर खोटं वाचतो आणि चाकाभोवतीची पोकळी बघवत नाही.

मिलिमीटरमधल्या रिम हे आणखी एक प्रकरण. सित्रोएन डीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांना ४०० मिमीची रिम होती. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी आणि १६ इंच म्हणजे ४०६, त्यामुळे दोन्हींपैकी काहीच बसत नाही. सत्तरच्या दशकात मिशलिनने आपल्या टीआरएक्स या टायरसाठी ३९० मिमीची रिम काढली आणि तोच पेच पुन्हा उभा राहिला. जवळचा टायर ठोकून बसवण्याच्या फंदात अजिबात पडू नये.

सुदैवाने ही मापं आजही बनतात. अमेरिकेत हॅरल्ड कोकर यांनी १९५८मध्ये सुरू केलेली कंपनी जुन्या गाड्यांच्या टायरसाठी ओळखली जाते. मिशलिन आणि पिरेली यांनीही आपले गाजलेले जुने टायर पुन्हा काढले आहेत. नक्षी जुनी, रबर मात्र नवं.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरच्या डीओटी (अमेरिकेच्या परिवहन खात्याची खूण) या अक्षरांपुढचा क्रमांक वाचावाच. २०००पासून त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, त्याची नक्षी कितीही खोल दिसो. जुनी गाडी कमी फिरते, त्यामुळे तिचे टायर गोटा होण्याआधीच म्हातारे होतात. रबराला ओझोनपासून जपणारं मेण टायर वाकत राहिला की पृष्ठभागावर येतं. गाडी नुसती उभी असली की ते येत नाही आणि बाजूंना बारीक भेगा पडतात. मिशलिनचा सल्ला असा की पाच वर्षं वापरल्यावर दरवर्षी तपासणी करावी आणि बनल्यापासून दहा वर्षांनी टायर बदलावाच. त्यात स्टेपनीही धरावी, ती एकदाही रस्त्याला लागलेली नसली तरी.